वळणावरचे दोन झेब्रे

डावीकडच्या मोठ्या झेब्र्याच्या कानाचे टोक रस्त्याच्या पातळीपासून एकशे अडुसष्ट सेंटिमीटरवर आहे. पाठ एकशे सदतीसवर. मोटरसायकलवर बसलेल्या मध्यम उंचीच्या बाईचे डोळे एकशे अठ्ठावीसवर असतात. ही मापे मी पोलादी टेपने तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत तीच आली.

याचा अर्थ असा, की खोक यांग गावातून मोठ्या रस्त्यावर निघणारी बाई उजवीकडे बघते तेव्हा तिला येणारा ट्रक दिसत नाही. तिला सिमेंटवर रंगवलेले काळे-पांढरे पट्टे दिसतात.

वळणाच्या आतल्या बाजूला, गावच्या रस्त्याच्या तोंडाशीच, राखणदाराची, म्हणजे त्या जागेच्या देवाची, घुमटी आहे. ज्या वळणावर माणसे मरतात तिथल्या राखणदाराला सिमेंटचे झेब्रे वाहायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. रस्ता जिथे बिनधोक ओलांडायचा तिथे झेब्र्यासारखे पट्टे असतात. मग राखणदाराला झेब्रा दिला की तो ओलांडणाऱ्याला सांभाळतो, इतका सरळ विचार. कोणी वाचला म्हणून वाहतो, कोणी गेला म्हणून. मी मोजले तेव्हा सहाशे चौदा झेब्रे होते. बहुतेक गुडघ्याएवढे. गुडघ्याएवढा झेब्रा कोणाच्या नजरेच्या आड येत नाही.

मोठे दोन माझ्या बहिणीने वाहिले. एकाच्या शेपटीला दुसऱ्याचे तोंड लावून, चौथऱ्यावर. त्याआधी गावच्या रस्त्याच्या तोंडावरून एकशे दहा मीटरपर्यंतचे दिसत असे. नंतर एक्केचाळीस. उताराला ऊस भरलेला ट्रक सेकंदाला बावीस मीटर येतो. भरलेली हातगाडी जोडलेल्या मोटरसायकलला रस्त्याच्या दोन्ही मार्गिका ओलांडायला साडेचार सेकंद लागतात. पुढचा भागाकार माझ्या वर्गातले कोणतेही मूल करील.

मी गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. रस्ता-सुरक्षा समितीत एक शिकलेले माणूस लागते म्हणून मला घेतले होते.

*

ताईची मुलगी, माझी भाची प्लायफा, एकोणीस वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी त्याच वळणावर ती उसाच्या ट्रकखाली गेली. तेव्हा मोठे झेब्रे नव्हते. तिला ट्रक दिसला होता. ट्रक थांबू शकला नाही, एवढेच.

रस्त्यावर अपघातात गेलेल्या माणसाचा जीव आपणहून घरी येत नाही. तिसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन त्याला बोलवावे लागते. आमच्या गावात हे काम लुआनआजोबा करतात. पांढरा दोरा, भाताचा गोळा, उकडलेले अंडे आणि एक नाणे. नाणे तीनदा उडवायचे. एकदा जरी छापा पडला तर जीव बरोबर यायला निघाला. तिन्ही वेळा काटा पडला तर तो तिथेच अडकला, आणि त्या जागी दुसरे कोणी मरेपर्यंत अडकूनच राहणार. नवा येतो तेव्हा जुना सुटतो. याला आम्ही बदली म्हणतो.

प्लायफासाठी तीनदा काटा पडला.

शक्यता एक-अष्टमांश. मी त्याच संध्याकाळी ताईला समजावून सांगितले, की आठ घरांनी हे नाणे उडवले तर सरासरी त्यातल्या एका घरी असे होते.

बुनरुअनताईने ऐकून घेतले. घरी मला तोय म्हणतात. मग म्हणाली, "तोय, तो आठातला एक माझ्याच दारात का आला, तेही लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

महिन्याभरात तिने ते दोन झेब्रे आणवले.

*

समितीत आम्ही चौघे. गावप्रमुख खामसिंग, ठाण्याचा हवालदार, मी, आणि आरोग्यसेविकांच्या वतीने चमनियनमावशी. मावशी साठीच्या. मोटरसायकलला गाडी जोडून रोज पहाटे बाजारात भाजलेली केळी विकायला जात. त्या बैठकीला येताना केळी आणत, म्हणून हवालदार बैठक चुकवत नसे.

त्या दिवशी जिल्ह्याचा तरुण अभियंता आला होता. त्याने नकाशा पसरला.

"मंजुरी आलेली आहे," तो म्हणाला. "घुमटी बारा मीटर मागे न्यायची. नवा चौथरा, वर पत्रा. चार दिवसांचं काम. फक्त ज्यांनी वाहिलंय त्यांच्या सह्या हव्यात."

"सह्या झाल्या," खामसिंग म्हणाला. "जे सापडले त्यांच्या सगळ्यांच्या. एक सोडून."

कोणीच माझ्याकडे पाहिले नाही. ते किती काळजीपूर्वक टाळले, हे मला दिसले.

"एक सोडून बाकीचे हलवा," मावशी म्हणाल्या. "म्हणजे नेमके जे आड येतात तेवढे ठेवा. छान दिसेल."

"अक्का," खामसिंग मावशींना म्हणाला, "राखणदाराला दिलेलं ज्यानं दिलं त्यानंच काढायचं असतं. मी हात लावला आणि उद्या माझी गाडी उलटली तर?"

"तुझी गाडी उलटेल ती तू ढोसून चालवतोस म्हणून. राखणदाराला कशाला बदनाम करतोस?"

हवालदार हसला. खामसिंगही हसला, त्याला हसण्यावारी नेता येत होते तोवर निर्णय घ्यावा लागत नव्हता. "एप्रिल तर नीट गेला ना?" तो म्हणाला. एप्रिलमधल्या नव्या वर्षाच्या सणाच्या सात दिवसांत किती मेले तेवढेच वरचे लोक मोजतात, आणि त्या सात दिवसांत आमच्या वळणावर कोणी मेले नव्हते. वर्षाचे उरलेले तीनशे अठ्ठावन्न दिवस कोणत्याच तक्त्यात नव्हते.

"बाई, तुम्ही बोला ना तिच्याशी," अभियंता मला म्हणाला. "तुमचं ऐकेल."

"बोलते," मी म्हणाले.

इतिवृत्त मीच लिहायची. मी लिहिले : दात्याची संमती प्रतीक्षेत. 'माझी बहीण' असे लिहिले नाही. हे वाक्य मी सात बैठकांत सात वेळा लिहिले, आणि प्रत्येक वेळी अक्षर सारखे आले.

*

ताई रोज पहाटे साडेपाचला वळणावर जायची. लाल सोड्याची बाटली उघडून, नळी घालून घुमटीपुढे ठेवायची. प्लायफाला तो आवडायचा. मी एकदा तिच्याबरोबर गेले.

"ताई, फेकून नाही देत कोणी. बारा मीटर मागे न्यायचेत, बस."

"बारा मीटर मागे गेली का ती? इथं गेली."

"गावातून निघणाऱ्याला काही दिसत नाही गं."

"दिसत होतं तेव्हा माझी वाचली?"

ते खरे होते.

"मी काय सांगते ते ऐक. इथं आणखी कोणी मेलं तर—"

"तर काय?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिले. नंतर बाटलीतली नळी सरळ केली. "विचार करते मी. घाई करू नकोस."

त्या पावसाळ्यात तिथे तीन अपघात झाले. तिन्ही वेळा मी तिथे पोचते न पोचते तोच तिचा फोन आला. तिन्ही वेळा तिने तोच प्रश्न विचारला.

"गेला का?"

"नाही, हात मोडलाय." दुसऱ्या वेळी, "नाही, पायाला लागलंय." तिसऱ्या वेळी पिकअप उलटली होती आणि आतले म्हातारा-म्हातारी भिजलेल्या कोंबड्यांसारखे रस्त्याकडेला बसून चहा पीत होते. "नाही ताई, दोघंही धडधाकट आहेत."

मग "बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

मी ते काळजी म्हणून नोंदले. तीन निरीक्षणे एकाच दिशेला बोट दाखवत असताना मी विद्यार्थ्यांना ती तशी सोडू देत नाही.

*

बोट दाखवले ते चमनियनमावशींनी. बैठक सुटल्यावर, शाळेच्या नळावर केळ्यांचे चिकट हात धुताना.

"पोरी, तुझी बहीण बदलीची वाट बघतेय."

"असं बोलू नका, मावशी."

"मी नाही बोलले म्हणून ती थांबणार आहे का? रोज पावणेसहाला मी तिच्यासमोरनं जाते. कशी बघते माझ्याकडे, ठाऊक आहे? बाजारात मासा निवडताना बघतात ना, डोळे ताजे आहेत का, तशी."

"मग त्या वाटेनं जाऊ नका."

"दुसरी वाट नऊ किलोमीटर फिरून. तोवर माझी केळी कोळसा होतील. आणि तू ते झेब्रे हलव की. तू शिकलेली, तू समितीत, तू सख्खी. मीच का वाट बदलू?"

मी ओंजळीत पाणी घेतले आणि सोडून दिले.

मावशींची स्वतःची एक पद्धत होती. गावच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी उभी करायची, खाली उतरायचे, झेब्र्यांना वळसा घालून मोठ्या रस्त्याच्या कडेपर्यंत चालत जायचे, बघायचे, परत येऊन गाडी काढायची. "ट्रकवाल्यांना वाटत असेल," त्या म्हणायच्या, "त्या कळपातला एक झेब्रा लठ्ठ झालाय आणि पदर खोचून उभा राहिलाय." त्यांचे गुडघे दुखत. तरी रोज उतरत. त्या पद्धतीत चूक काढायला मला जागा नव्हती. परत येऊन बसेपर्यंत एखादा ट्रक येऊ शकत होता, पण कान देऊन त्या तेवढे निभावत.

मी त्यांची पद्धत मोडली. माझा हेतू चांगला होता.

आठव्या बैठकीत मी गोल आरशाची सूचना मांडली. समोरच्या बाजूला खांब, त्यावर ऐंशी सेंटिमीटरचा फुगीर आरसा. गावातून निघणाऱ्याला झेब्र्यांमागचा रस्ता त्यात दिसेल. कोणाची संमती लागणार नव्हती. खामसिंगने टेबलावर हात आपटला. "हे! हे आधी का नाही सुचलं, बाई?" सगळे इतके खूश झाले, की माझ्या टिपणाचे दुसरे पान कोणी उलटले नाही. त्यावर दोन गोष्टी होत्या. फुगीर आरशात वाहन आहे त्यापेक्षा लांब वाटते. आणि थंडीत पहाटे आरशावर दव धरते. रोज पुसावा लागेल.

दुसरे पान मी वाचून दाखवले.

"पुसायचं कोणी?" खामसिंगने विचारले. तो प्रश्न आरसा बसेपर्यंत तसाच राहिला.

आरसा बसला त्या दिवशी भिक्खू आले, खांबाला पांढरा दोरा बांधला, पिठाचे तीन ठिपके लावले. खामसिंगला ठिपके काचेवर हवे होते. मी ते खांबावर लावून घेतले. गर्दीत ताई मागे उभी होती. पुसण्याचा विषय पुन्हा निघाला तेव्हा ती पुढे आली.

"मी रोज पहाटे येतेच इथं. मी पुसेन."

लोकांनी तिच्यासाठी हात जोडले. कोणीतरी रडलेसुद्धा. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

पहिले तीन आठवडे मावशी तरीही उतरत राहिल्या. पण आरसा रोज लख्ख असायचा. ताईने बांबूला फडके बांधून घेतले होते. वापरून झाले की फडके सोडून, चार घड्या घालून, घुमटीच्या छपराखाली खुंटीला अडकवायची. एकही दिवस चुकला नाही. डिसेंबरच्या मध्यावर मावशींनी मला रस्त्यात थांबवले.

"तुझ्या बहिणीबद्दल वाईट बोलले मी. तोंड भाजावं माझं."

"जाऊ द्या, मावशी."

"आता रोज दोन केळी ठेवते तिच्यासाठी. एक तिला, एक पोरीला. घेते बिचारी." मग हसल्या. "आणि गुडघे तुला आशीर्वाद देतायत. उतरणं बंद."

मला बरे वाटले. हे मी लिहून ठेवते, कारण ते खरे आहे. मला खूप बरे वाटले.

*

अकरा जानेवारी, पहाट, तेरा अंश. मला सहा वाजून पाच मिनिटांनी कळले, सव्वासहाला मी तिथे होते.

ट्रक शंभर मीटर पुढे जाऊन थांबला होता. एक दिवा चिखलाने भरलेला होता. केळी दोन्ही मार्गिकांवर पसरली होती. निखारे ओल्या डांबरावर अजून चुरचुरत होते. मावशींवर कोणीतरी पोते टाकले होते. पोते आखूड होते.

मी वर पाहिले. आरसा दवाने पांढरा झाला होता. दव धरलेल्या आरशात ट्रकचा दिवा म्हणजे नुसता फिकट डाग. मावशींच्या मागे गावच्या रस्त्यावरचा दिवा होता, त्याचाही फिकट डाग त्याच आरशात रोज पडत असणार. दोन डागांतला फरक बघायला माणसाने थांबायला हवे. त्या थांबल्या नाहीत. आरशाची सवय झाल्यापासून कोणी थांबत नव्हते.

मग मी घुमटीकडे गेले. लाल सोड्याची बाटली जागेवर होती. नळीला अजून बुडबुडे चिकटलेले होते. म्हणजे बाटली उघडून फार वेळ झाला नव्हता. छपराखाली खुंटीला फडके होते. चार घड्यांत. मी दोन बोटांनी आतली घडी उघडून पाहिली. कोरडे.

मी घडी पुन्हा तशीच घातली.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी शिकवते. तिला बरे वाटत नसेल. ती विसरली असेल. हवालदार वही घेऊन आला. "बाई, तुम्हाला काय वाटतं, कारण?"

"वेग," मी म्हणाले. "आणि एक दिवा चिखलानं झाकलेला."

त्याने तसे लिहिले. दोन्ही खरे होते.

त्या सकाळी ताईचा फोन आला नाही. गेला का, गेली का, असे तिने विचारले नाही.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वळणावर जमलो. मावशींची मुलगी ओनुमा शहरातल्या कारखान्यातून आली होती. तिच्या अंगात अजून कारखान्याचे जाकीट होते. लुआनआजोबांनी दोरा ताणला, भाताचा गोळा आणि अंडे ठेवले. चाळीसेक लोक होते. ताई आपल्या झेब्र्यांच्या मागे उभी होती, एकाच्या पाठीवर हात ठेवून.

खामसिंग तिच्याजवळ गेला. तो त्या तीन दिवसांत झोपला नव्हता. वरून फोन येत होते. "बुनरुअन," तो म्हणाला, "आता तरी? आता तरी हो म्हण."

"आधी नाणं पडू दे," ताई म्हणाली.

ती हळू आवाजात बोलली, पण जवळच्या सगळ्यांनी ऐकले, आणि ज्यांनी ऐकले त्यांना ते कळले. चमनियन अडकली तर प्लायफा सुटणार. चमनियन सुखरूप घरी गेली तर तिची बदली झालीच नाही, आणि झेब्रे आहेत तिथेच राहणार, पुढच्या माणसासाठी.

"आई," ओनुमा म्हणाली, "चल ना आई. घरी जाऊ. मी आलेय न्यायला."

आजोबांनी नाणे उडवले. ते दोऱ्याच्या आत पडले. काटा.

"आई, तुझी गाडी नीट करून घेऊ आपण. चल."

दुसऱ्यांदा. काटा. ओनुमाने जाकिटाची बाही तोंडात धरली. मला वर्गातला फळा दिसला : अर्धा गुणिले अर्धा.

तिसऱ्यांदा आजोबांचा अंगठा घसरला. नाणे वाकडे उडाले, मोठ्या झेब्र्याच्या खुरावर आपटले, घरंगळले आणि दोन झेब्र्यांच्या फटीतल्या गवतात गेले. फटीच्या तोंडाशी मी उभी होते. आजोबांना दूरचे दिसत नाही.

"बाई, तुम्ही बघा," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल ते खरं."

मी वाकले. गवत बाजूला केले.

छापा होता.

मी तो नीट पाहिला. शंकेला जागा नव्हती. मग मी तिथे वाकलेली असतानाच डोके थोडे उचलून उजवीकडे पाहिले, मावशी बघायच्या तसे. पट्टे. फक्त पट्टे. त्यांच्या मागून कुठूनतरी ट्रकचा आवाज येत होता आणि तो किती लांब आहे हे मला सांगता येत नव्हते.

मागे ओनुमाचा श्वास ऐकू येत होता. वर, झेब्र्याच्या पाठीवर, ताईची बोटे होती. नखे पांढरी पडली होती.

मी नाणे उचलून मुठीत घेतले आणि उभी राहिले.

"काटा," मी म्हणाले.

ओनुमा लगेच रडली नाही. ती म्हणाली, "पुन्हा बघा ना, बाई." मी मूठ उघडली नाही. मग ती खाली बसली, आणि जो आवाज निघाला तो ऐकून हवालदाराने टोपी काढली. कोणीतरी तिला धरले. ती सोडवून घेऊन त्याच डांबराला हात लावत राहिली, "एकटी राहील गं ती इथं, अंधाराला घाबरते ती," असे म्हणत. मावशी अंधाराला घाबरत हे मला माहीत नव्हते. त्या रोज अंधारात निघत.

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे आली. तोंड पुसले, माझ्यासमोर हात जोडले. "बाई, एवढा मोठा झेब्रा कुठे मिळतो? यांच्याएवढा?"

नाणे माझ्या मुठीत गरम झाले होते.

ताई झेब्र्यांच्या मागून बाहेर आली. तिने दोघांच्या गळ्यातल्या सुकलेल्या माळा काढल्या, घडी करून पिशवीत ठेवल्या. मग लाल सोड्याची बाटली उचलून उरलेला सोडा गवतात ओतला. चेहरा इतका मोकळा, की मला आमची आई आठवली. तीन वर्षांत ती मला कधी तिच्या वयाची वाटली नव्हती, आज वाटली. ती माझ्याजवळून गेली तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला, मुद्दाम की चुकून ते मी ठरवले नाही.

ती खामसिंगसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्याच माणसं बोलव. माझे दोन्ही काढा."